पायाभूत सुविधा आणि बायकांचा वेळ: कोल्हापूर जिल्ह्यात संशोधन करायचं तर काय मोजाल?

तुम्ही जे विचारलंय त्याचा गोषवारा आधी मांडते. अर्थशास्त्रात एम.ए. झालंय, शिवाजी विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव घालायचंय, ‘कोल्हापूर जिल्ह्यातील पायाभूत सुविधा आणि स्त्री-पुरुष आर्थिक विषमता’ असा विषय डोक्यात आहे आणि मार्गदर्शक म्हणतात फार पसरट आहे. तुमचे प्रश्न तीन: विकास झाला की विषमता आपोआप कमी होते का, आकडे कुठून घ्यायचे, आणि नेमकं मोजायचं काय.

मार्गदर्शकांचं खरं आहे. यात रस्ता, पाणी, वीज, बस, शौचालय, बाजार, बँक सगळंच येतं आणि प्रत्येकावर एकेक प्रबंध होईल. पण विषय आवळायच्या आधी एक गोष्ट पक्की करा. ‘कुटुंब’ हे एकक धरून चाललात तर उत्तर कायम गोड येणार. घराला नळ मिळाला, घरापुढे डांबरी आली, घराचं उत्पन्न वाढलं. विषमता असते घराच्या आत, आणि आपली बहुतेक सरकारी कागदपत्रं उंबऱ्याशीच थांबतात. या जिल्ह्यात पाहण्यांचं काम करता करता माझं मत असं झालंय की सुविधा पोचल्यावर कुणाचा किती वेळ सुटला, आणि त्या वेळेतून आलेला पैसा कुणाच्या हातात पडला, हे दोन प्रश्न नीट विचारले तरी प्रबंध उभा राहतो.

आधी ‘आपोआप’चं बघू. त्यासाठी लांब जायची गरज नाही. ऊस, साखर कारखाने, दूध, फौंड्री, इचलकरंजीचे माग. सुबत्तेच्या बाबतीत आपला जिल्हा राज्यात पुढच्या रांगेत. शाहू महाराजांनी १९१७ साली इथं प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हेही आपण अभिमानानं सांगतो. आणि २००१ च्या जनगणनेत याच जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८३९. राज्याचा आकडा तेव्हा ९१३ होता. सोनोग्राफी केंद्रापर्यंत जायला बरा रस्ता लागतो आणि खिशात पैसा लागतो. दोन्ही आपल्याकडे होतं. २०११ ला जिल्हा ८६३ वर आला, राज्य मात्र ८९४ वर घसरलं. मधल्या काळात जिल्हा प्रशासनानं सोनोग्राफी यंत्रांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बसवली होती. वाढीतला किती वाटा तिचा, हा वेगळा अभ्यास आहे, पण नुसत्या सुबत्तेनं तो आकडा हलला असता असं मानायला जागा दिसत नाही.

सिद्धांताच्या बाजूनं पाहिलं तर एस्टर बोसरप यांनी १९७० मध्येच दाखवलं होतं की शेती आधुनिक होताना नवं तंत्र आणि कर्ज पुरुषांकडे जातं, बायका मागे राहतात. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या मांडणीत उत्पन्न वाढताना बायकांचा कामातला सहभाग आधी खाली येतो, आणि पुढे शिक्षण आणि कचेरीतल्या नोकऱ्या वाढल्या की वर चढतो. शिरोळ-हातकणंगल्याच्या बागायती गावात बसून ऐका, ‘आमच्यातल्या बायका रानात जात नाहीत’ हे वाक्य मोठेपणानं सांगितलं जातं. तो त्या आधी खाली, मग वर जाणाऱ्या वळणाचा खालचा भाग. वर चढायला लागणाऱ्या नोकऱ्या तालुक्याच्या गावी नसतील तर वळण तिथंच थांबतं. एस्थर डुफ्लो यांनी २०१२ मध्ये या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला आणि निष्कर्ष काढला तो असाच: विकासानं स्त्रियांची स्थिती सुधारते आणि स्त्रियांची स्थिती सुधारली की विकासालाही हातभार लागतो, पण कुठलीही एक बाजू एकटी पुरत नाही, धोरणाला हात घालावाच लागतो. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाला एवढं पुरे. तिथं चाळीस पानं घालवू नका.

खरी गंमत मोजमापात आहे, म्हणून दुधाचं उदाहरण जरा सविस्तर घेते. आपला जिल्हा दूध संघ १९६३ चा. गावोगाव दूध संस्था आहेत, बहुतेक गावांत एकीपेक्षा जास्त. दोन म्हशींचं घर धरा. पहाटे शेण-घाण काढायची, वैरण टाकायची, धार काढायची, किटली घेऊन संस्थेत जायचं. फॅट लागते, पावती मिळते. मग रानातून वैरणीचा भारा आणायचा, दुपारी म्हशी धुवायच्या, संध्याकाळी पुन्हा धार. ही कामं बहुतेक घरात बाई करते. किटली पोचवायचं काम तेवढं मुलगा किंवा नवरा मोटारसायकलवरून करतो. आता संस्थेचं रजिस्टर उघडा. सभासद क्रमांक पुरुषाच्या नावावर. दहा दिवसांचं बिल त्याच्या खात्यावर. दिवाळीचा फरक, म्हणजे दुधाच्या दरातली मागाहून मिळणारी जादा रक्कम, त्याच्याच खात्यावर. म्हशीसाठी काढलेलं कर्जही त्याच्या नावावर, कारण सातबारा त्याचा. तुमच्या प्रश्नावलीत ‘कुटुंबाचं दुधापासूनचं मासिक उत्पन्न’ असा एकच रकाना असेल तर बल्क कूलर (दूध थंड ठेवायची टाकी) आला, रस्ता झाला, उत्पन्न वाढलं एवढंच तुम्हाला कळेल. रस्ता झाल्यावर घरानं तिसरी म्हैस घेतली आणि बाईचा दिवस दोन तासांनी लांबला, हे त्या रकान्यात कुठंच येणार नाही. म्हणून रकाने फोडा: धार कोण काढतं, किटली कोण नेतं, खातं कुणाचं, एटीएम कार्ड कुणाकडे असतं, आणि मागचा फरक आला तेव्हा त्याचं काय करायचं हे कुणी ठरवलं. शेवटचा प्रश्न नेहमी ‘मागच्या वेळी’ असाच विचारा. ‘तुमच्या घरात निर्णय कोण घेतं’ असं मोघम विचारलं की ‘दोघं मिळून’ हे उत्तर ठरलेलं.

हंगामात आपल्या उसाच्या फडात मराठवाड्यातून तोडणी कामगार येतात. तिथं तर हिशेबच ‘कोयत्या’चा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल (आगाऊ रक्कम) कोयत्याला मिळते, मजुरी कोयत्याला मिळते, मुकादमाच्या वहीत नाव पुरुषाचं. पहाटे फडात जायच्या आधी पालावर भाकरी तिनं थापलेल्या असतात, आणि तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायचं, वाहायचं काम बरंचसं तिच्याच वाट्याला. तिची स्वतंत्र मजुरी किती, हा प्रश्न त्या वहीला विचारताच येत नाही. इचलकरंजीत घरी मागासाठी सुताची कांडी भरणाऱ्या किंवा शहरात चप्पलेच्या वेण्या घालणाऱ्या बायकांचं असंच आहे. काम घरात होतं आणि घरच्या कामात विरघळून जातं.

आता आकडे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमशक्ती पाहणीची मूळ आकडेवारी फुकट उतरवून घेता येते. त्यात पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. ही उडी पाहून हुरळून जाऊ नका. बरीचशी वाढ ग्रामीण भागातल्या स्वयंरोजगारात आहे आणि त्यात घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. पाहणीत प्रत्येकाच्या कामाला एक कोड देतात; कोड २१ म्हणजे ह्या बिनपगारी मदतनीस. कोड ९२ म्हणजे फक्त घरकाम, आणि ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय घरासाठी सरपण-चारा गोळा करणं, शिवण वगैरे. व्याख्येप्रमाणे जनावरं सांभाळणं हे आर्थिक काम आहे. म्हणजे वरची म्हशीवाली बाई २१ मध्ये जायला हवी. पण पाहणी करणाऱ्यानं दारात उभं राहून ‘काय करता?’ विचारलं आणि ती हातातला भारा खाली ठेवत ‘काही नाही, घरीच असते’ म्हणाली, की ती ९२ मध्ये जाते. त्यामुळे सहभागातला किती बदल खरा आणि किती विचारण्याच्या पद्धतीतला, हा प्रश्न तुमच्या प्रबंधात असलाच पाहिजे.

दुसरा साठा वेळ-वापर पाहणीचा. २०१९ च्या पाहणीत घरच्यांसाठीच्या बिनमोबदला घरकामावर स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. लक्षात ठेवा, ही सरासरी ते काम करणाऱ्यांचीच आहे. २०१९ मध्ये दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात २६ टक्के होते, स्त्रिया ८१ टक्के. ही पाहणी पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा दिवस धरून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणात भरली जाते. तुम्ही तीच पद्धत उचला, म्हणजे देशाच्या आकड्यांशी तुलना करता येईल. मात्र या पाहण्यांमधून कोल्हापूर जिल्ह्यापुरती कुटुंबं वेगळी काढून टक्केवारी काढायच्या फंदात पडू नका. नमुना तेवढा मोठा नसतो. राज्यापुरतं त्यातून घ्या, जिल्ह्यापुरतं स्वतः गोळा करा.

प्रवासाबद्दल अभ्यासक २०११ च्या जनगणनेचा तक्ता वापरतात: कामाच्या जागेचं अंतर आणि प्रवासाचं साधन. चांगला तक्ता आहे, पण तो फक्त ‘इतर कामगारां’चा. शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले लोक त्यात नाहीत. दवाखाना, बाजार, शाळा यांच्या फेऱ्याही नाहीत. म्हणजे करवीर तालुक्यातल्या गावातून भाजीची पाटी घेऊन लक्ष्मीपुरीत येणारी, दुपारी सासऱ्यांचं औषध घेणारी, परत जाताना मुलीची वही घेऊन वडापात (खासगी प्रवासी जीपमध्ये) बसणारी बाई त्या तक्त्यात जवळपास दिसतच नाही. पुरुषाचा प्रवास घर ते काम असा सरळ असतो, बाईचा तीन-चार थांब्यांचा. बसचे मार्ग आखणाऱ्यांपुढे जर पहिल्याच प्रकारचे आकडे गेले, तर वेळापत्रकही त्याच प्रवासाचं होणार. आणि हो, त्या बाईला बाजारात दिवसभरात शौचालय कुठं मिळतं हेही विचारा. ते नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या भाजीवाल्या कुठल्याही मंडईत भेटतील.

सुविधेचा परिणाम काय होतो, यावर जगभर चांगले अभ्यास झालेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. मला तरी वाचायला सगळ्यात मजा तिथंच येते. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल भागात खेड्यांत वीज पोचल्यावर स्त्रियांचा रोजगार सुमारे ९ टक्के-अंकांनी वाढला, कारण चुलीसाठी सरपणात जाणारा वेळ सुटला; टेरिन डिंकलमन यांचा हा अभ्यास २०११ चा. उलट मोरोक्कोत तांजिअर शहरात घरात नळ आल्यावर वेळ सुटला, भांडणं कमी झाली, लोक जास्त समाधानी झाले, पण उत्पन्न वाढलं नाही. नऊ देशांच्या आकड्यांवरून झालेल्या एका अभ्यासातही पाणी जवळ आल्यानं बायकांचं शेतीबाहेरचं पगारी काम वाढल्याचं दिसलं नाही; काही देशांत मुलांचं शाळेत जाणं मात्र सुधारलं. बिहारमध्ये नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे दिल्यावर त्यांची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, मुलामुलींमधलं अंतर ४० टक्क्यांनी घटलं, आणि फरक मुख्यतः शाळा तीन किलोमीटरच्या पुढं असलेल्या गावांत पडला.

यातून घ्यायचं ते असं की सुटलेला वेळ आपण होऊन कमाईकडे वळत नाही. जवळपास काम असावं लागतं, तिथं जायची सोय असावी लागते, आणि घरातून निघायला मोकळीक असावी लागते. तांजिअरमधला निकाल ‘अपयश’ म्हणून लिहू नका. बाईला दुपारी तासभर टेकायला मिळालं हाही परिणामच आहे, फक्त तो रुपयात येत नाही.

आपल्याकडे नळाची दुसरीच अडचण आहे. जलजीवन मिशनच्या निकषात माणशी रोज ५५ लिटर पाणी आहे, पण ते किती वाजता यावं याबद्दल काही नाही. पाणी एक दिवसाआड पहाटे किंवा ऐन दुपारी येत असेल तर भरायला घरात कुणीतरी थांबावं लागतं, आणि ते ‘कुणीतरी’ कोण हे सांगायला नको. अशा घरातली बाई गोकुळ शिरगावच्या कारखान्यात सकाळची पाळी धरू शकत नाही. सरकारी अहवालात मात्र ते घर ‘नळजोडणी पूर्ण’ म्हणून हिरवं. पश्चिमेकडच्या गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीतल्या वाड्या-धनगरवाड्यांवर पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात झऱ्यावर रांग असं चित्र असतं. तिथं नळ नसणं हा प्रश्न आहे आणि पूर्वेकडच्या गावांत नळाची वेळ हा. दोन्ही एकाच तक्त्यात टाकू नका. शिरोळ आणि गगनबावडा यांची तुलना करायचा मोह प्रत्येकाला होतो. माती, पाऊस, ऊस, जमीनधारणा सगळंच वेगळं असताना फरक नळामुळे पडला हे सिद्ध कसं करणार? त्यापेक्षा एकाच तालुक्यातली, एकमेकांसारखी गावं जोडीनं घ्या.

माझा सल्ला विचाराल तर बस घ्या. कारणं सांगते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. तारीख पक्की आहे, नियम सगळ्यांना सारखा आहे, त्यामुळे आधी-नंतर करता येतं. पलीकडे कर्नाटकात ११ जून २०२३ ला शक्ती योजना आली आणि तिथल्या रहिवासी महिलांना राज्याच्या साध्या बसमध्ये प्रवास फुकट झाला. कागल आणि निपाणी एकमेकांना लागून आहेत. सीमेच्या दोन्ही बाजूंची गावं घेऊन अर्धं विरुद्ध फुकट अशी तुलना जमण्यासारखी आहे. दोन्ही बदल तीन महिन्यांच्या आत झाले, त्यामुळे ‘काहीच बदल नाही’ असा गट मिळत नाही, हे मात्र आधीच कबूल करून टाका. तिसरं म्हणजे वेळ. तिकीट अर्धं झालं तरी गावाला गाडीच दिवसातून दोनदा येत असेल तर सवलत कागदावर. मुक्कामाची गाडी असलेलं गाव आणि नसलेलं गाव, शेवटची गाडी संध्याकाळी सातची असलेलं आणि साडेचारची असलेलं, असे फरक आगाराच्या वेळापत्रकातून मिळतील. शेवटची गाडी लवकर असेल तर कॉलेजच्या मुलीची प्रॅक्टिकल्स आणि दुकानात कामाला असलेल्या बाईची नोकरी, दोन्हीवर गदा येते. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही आणि अंधार पडल्यावर त्यात बसायला घरचे नको म्हणतात. मुलगे मोटारसायकलवरून जातात, त्यांना वेळापत्रकाशी देणंघेणं नाही.

बस नको असेल तर दुसरा चांगला रस्ता ग्रामपंचायतीचा. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि डुफ्लो यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या २६५ पंचायती घेतल्या. सरपंचपद स्त्रियांसाठी कुठं राखीव, हे जवळपास चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत असल्यानं तुलना स्वच्छ झाली. स्त्री सरपंच असलेल्या गावांत, स्त्रिया ज्याची मागणी करत होत्या त्या कामांवर जास्त खर्च झाला; दोन्हीकडे पिण्याचं पाणी त्यात होतं. आपल्याकडे २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना आहेत आणि सरपंचपदाची सोडत निघते, त्यामुळे हीच रीत इथं वापरता येते. ‘सरपंचपती’चा, म्हणजे पद बाईचं आणि कारभार नवऱ्याचा, हा मुद्दा परीक्षक काढणारच. तेव्हा ग्रामसभेच्या इतिवृत्तात कुठले विषय आले आणि कुणी मांडले, हे वेगळं नोंदवा. आणि महिला-बालकल्याणासाठी ग्रामपंचायत राखून ठेवते त्या दहा टक्क्यांतच अडकू नका. शिलाई मशीन, पिठाची गिरणी यांची यादी करून प्रबंध होत नाही. दिव्याचा खांब कुठल्या गल्लीत, गटार कुठून, बोअर कुणाच्या दारात, हे उरलेल्या नव्वद टक्क्यांत ठरतं.

मालमत्तेचा एक रकाना दोन्ही आराखड्यांत ठेवा. देशात २०१५-१६ च्या कृषिगणनेत स्त्रियांच्या नावावरची वहिती खाती सुमारे १४ टक्के होती. मुलींना समान वाटा देणारी हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती सगळ्यांना माहीत असते, बहिणीचं हक्कसोडपत्र त्याहून जास्त माहीत असतं. पीककर्ज, उसाची नोंद, कारखान्याचं सभासदत्व सगळं जमिनीच्या नावाशी बांधलेलं आहे, म्हणून बस आणि नळाचा फायदा बाईला किती झाला हे या रकान्यावर बरंच अवलंबून असेल.

पाहणीचं थोडं. दार वाजवल्यावर ‘घरात कुणी नाही’ असं बाईच सांगते. तिचा अर्थ पुरुष नाहीत. ‘तुमच्याशीच बोलायचंय’ म्हणा. नवऱ्याची आणि बायकोची मुलाखत वेगवेगळी घ्या, शक्यतो एकाच वेळी दोन पाहणीकारांनी, म्हणजे उत्तरं जुळवली जात नाहीत. सासू शेजारी बसली तर उठवू नका, तिचीच मुलाखत दुसऱ्या खोलीत लावा. तिलाही सांगण्यासारखं पुष्कळ असतं. दुपारी दोन ते चार ही वेळ बरी, धारेच्या आधी संपवा. गाळप हंगामातला एक आणि उन्हाळ्यातला एक, असे निदान दोन दिवस प्रत्येक बाईचे हवेत. लग्नसराई टाळा. नदीकाठच्या गावांत जुलै-ऑगस्ट धरूच नका. ‘रोज काय करता’ असं विचारू नका, ‘काल उठल्यापासून’ असं विचारा, आणि एका वेळी दोन कामं चालू असतील तर दोन्ही लिहा. मूल मांडीवर घेऊन भाकरी थापणं हे एक काम म्हणून भरलं की मूल सांभाळणं गायब होतं.

मार्गदर्शकांपुढे विषय ठेवताना ‘करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील एसटीच्या फेऱ्या आणि स्त्रियांचं मोबदल्याचं काम’ इतका आवळून ठेवा, सोबत दोन पानांचा आराखडा आणि पाच बायकांची भरलेली वेळ-डायरी जोडा. ‘यात अर्थशास्त्र कुठं आहे’ असं कुणी विचारलं तर डायरीतल्या तासांना शेतमजुरीचा गावातला दर लावून तो आकडा पुढे ठेवा.